न उच्चारलेले पहिले वाक्य

यूरेच्या पाचव्या स्मृतिदिनाची मिस्सा संपत आली, तेव्हा फादर येरकोंनी वेदीवरून दरवर्षीचेच वाक्य उच्चारले. "ज्याला समुद्राने नेले, त्याला प्रभूने जवळ करावे." पहिल्या बाकावर यूरेच्या म्हाताऱ्या बापाने, शिमेने, दरवर्षीसारखी मान लववली. शेजारी त्याच्या पत्नीने, जिला नातवंडे झाल्यापासून सारे घर नोना म्हणू लागले होते, हातातली जपमाळ मुठीत घट्ट धरली. तोंकाचे डोळे मात्र नवऱ्याच्या, यूरेच्या तसबिरीकडे गेले नाहीत. ती बाकाच्या टोकाला बसलेल्या आपल्या धाकट्या दिराकडे पाहत होती. लोव्रेने मान लववली नव्हती. अंगावर येणाऱ्या जनावराकडे माणूस पाहतो, तसा तो त्या वाक्याकडे पाहत होता.

ईस्टरपासून लोव्रेने बोट बाहेर काढली नव्हती. इंजिन बिघडले आहे असे तो म्हणे, आणि इंजिनात काही नाही असे मेस्त्री म्हणे. पोर्ट लिंकनच्या धक्क्यावर 'स्वेती निकोला' ही त्याची बोट दोरांना बांधलेली उभी होती. इतरांच्या बोटी सार्डिनच्या मागे जात आणि येत होत्या. या बोटीवर मात्र समुद्रपक्ष्यांनी बैठक मांडली होती. मुलांना ब्रॉनने, लोव्रेच्या बायकोने, काही दिवसांसाठी आपल्या आईकडे मळ्यावर धाडून दिले होते. का धाडले ते तिने कुणाला सांगितले नव्हते आणि तिला कुणी विचारलेही नव्हते. विचारण्याची त्या घराला सवय नव्हती.

उपसागरावर उतरत्या टेकडीवर शिमेचे घर होते. मिस्सेनंतर सारे तिथे जमले. अंगणात विस्तव धुमसू लागला, आणि स्वयंपाकघरात तीन बायका ब्लित्वाच्या पालेभाजीच्या ढिगाभोवती बसल्या : नोना, तोंका आणि शिमेची थोरली बहीण, साऱ्या घराची आत्या, तेता लुचे. तेता लुचेची जीभ ऐंशीच्या घरातही बोथटली नव्हती.

"तोंका," देठ मोडता मोडता नोना म्हणाली, "जेवणाआधी लोव्रेशी चार शब्द बोल."

"बोलते ना, नोना. येताना गाडीतपण बोललो आम्ही."

"तसं नाही. तुझ्या अभ्यासातलं बोल."

तोंकाचा हात थांबला. हा प्रश्न कधीतरी येणार हे तिला ठाऊक होते. तो आज, या दिवशी येईल असे तिला वाटले नव्हते. "घरच्या माणसाशी तसं बोलता येत नाही, नोना. आमच्यात ते बसत नाही. ऐकणारं माणूस परकं लागतं. मी त्याच्यासाठी ॲडलेडच्या एका बाईंचं नाव काढून ठेवलंय. त्या स्क्रीनवरूनही बोलतात."

"परकी," नोना एवढेच म्हणाली, आणि त्या शब्दासोबत एक कुजके पान तिने बाजूला टाकले.

"तिकडे मायदेशी आमच्या बेटावर न्हावी सख्ख्या भावाचीसुद्धा दाढी करायचा," तेता लुचे म्हणाली. "भावाचा गळा दिसला म्हणून वस्तरा थरथरला, असं काही मी ऐकलं नाही."

"वस्तरा बाहेरून फिरतो, तेता."

"घ्या. पाच वर्षं डब्यातल्या मुंडक्यांशी बोलून हे उत्तर शिकली."

तोंकाला हसू आले. उपमा खोटी नव्हती. यूरे गेल्यानंतरच्या हिवाळ्यापासून ती त्या चौकोनी डब्यांसमोर बसत आली होती. दिवसा शाळेत मुलांना गणित शिकवावे आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर संगणक उघडावा, असा तिचा क्रम होता. एका चौकोनात पर्थची बाई मूल पाजत असे, दुसऱ्यात डार्विनचा एक परिचारक गणवेशातच डुलक्या घेत असे. आधी पायाचा अभ्यासक्रम झाला, मग ऑनर्सचे वर्ष झाले, आणि आता हे शेवटचे पदव्युत्तर वर्ष चालू होते. मानसशास्त्रज्ञांच्या मंडळाकडे तिची तात्पुरती नोंदणी झाली होती. पुढल्या महिन्यात ती प्रत्यक्ष माणसांसमोर बसणार होती, आणि त्यानंतर वर्षभराची उमेदवारी आणि परीक्षा तेवढी उरणार होती.

त्या साऱ्या विद्येत एक वाक्य तिने इतक्या वेळा घोकले होते की ते झोपेतही तिच्या ओठांवर येई. समोरचा माणूस तोंड उघडण्यापूर्वी ते म्हणायचे असते. तुम्ही सांगाल ते माझ्यापाशीच राहील, परंतु तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असे दिसले, तर ते मला पुढे सांगावे लागेल. मेलबर्नहून शिकवणाऱ्या मॉइराबाई म्हणत, बाकी सारे विसरलात तरी चालेल, हे पहिले वाक्य विसरू नका. दार उघडण्यापूर्वी माणसाला कळले पाहिजे की हे दार आतूनही उघडते.

शिमे आत आला. त्याच्या अंगाला धुराचा वास येत होता.

"मी त्याला समजावलंय," तो तोंकाकडे पाहून म्हणाला. "मागं जाळ्यांच्या शेडमध्ये बसलाय. बोलेल तुझ्याशी. जा."

"ताता, मी आत्ताच नोनांना सांगत होते—"

"कॉफी घेऊन जा," शिमे म्हणाला. त्या घरात त्याचे वाक्य संपले की बोलणेही संपत असे.

वहिनी म्हणून जाते आहे, असे तोंकाने स्वतःला बजावले. कॉफी घेऊन वहिनीने दिराकडे जाणे कोणत्याही मंडळाच्या नियमाविरुद्ध नव्हते. आणि वहिनी म्हणून गेली, म्हणूनच ते पहिले वाक्य तिच्या ओठांवर आले नाही.

*

शेडमध्ये लोव्रे जुने जाळे मांडीवर घेऊन बसला होता. जिथे ते फाटले नव्हते तिथेच तो सुई घालत होता. तोंकाने पेला त्याच्या शेजारी ठेवला आणि ती उलट्या घातलेल्या पाटीवर बसली. पत्र्यावर नैर्ऋत्येचा वारा आपटत होता.

"ब्लित्वा झाली?" त्याने विचारले.

"बटाटे उकडायचेत अजून. तेता कापतेय, म्हणजे निम्मे ती सालातच घालवणार."

तो किंचित हसला. मग सुई थांबली. "ताता म्हणाला, तू आता फादर येरकोसारखी झालीस. कुमसाराला पापं सांगतात तसं बोलायचं. तुझ्या कानात गेलं की कुलूप. जीव गेला तरी तुमच्या लोकांना सांगता येत नाही म्हणे."

त्याच क्षणी तिने त्याला थांबवायला हवे होते. ते तिला कळलेही. परंतु ज्ञान आणि वाणी यांच्यामध्ये जे अल्पसे अंतर असते, तेवढ्यात तो बोलून मोकळा झाला होता. पाच वर्षे ज्या माणसाने हवामान आणि इंजिन यांवाचून दुसरे काही उच्चारले नव्हते, त्याला खीळ निघालेल्या दारासारखे व्हायला वेळ लागला नाही.

"यूरेला समुद्रानं नेलं नाही, तोंका. यूरे गेला. मी सुकाणूवर होतो. वारा काहीसुद्धा नव्हता. त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. बोट नीट घरी ने, म्हणाला. मला वाटलं, तो खाली झोपायला चाललाय. मी म्हटलं, बरं." त्याने जाळ्याची गाठ अंगठ्याने दाबून पाहिली. "बरं. एवढंच म्हटलं मी."

नेला आणि गेला यांत अक्षराचेच अंतर आहे. परंतु नेला म्हटले की कर्ता समुद्र होतो, आणि गेला म्हटले की कर्ता यूरे होतो. त्या घराने पाच वर्षे व्याकरणात एवढाच बदल करून आपले दुःख उभे ठेवले होते. तोंकालाही ते ठाऊक होते. तीही त्या वाक्याखाली आसऱ्याला राहिली होती.

"मंगळवारी वारा पडणार आहे," लोव्रे म्हणाला. "मी बोट काढणार आहे. एकटा."

"इंजिन ठीक आहे तर."

"इंजिनाला काय झालंय."

अशा वेळी आडवळणाने जाऊ नये, हे तिला शिकवले गेले होते. विचारल्याने ती गोष्ट मनात रुजत नाही. उलट ती एकट्याने वाहण्याचा भार तेवढा उतरतो. सरावाच्या वेळी पर्थच्या बाईला हा प्रश्न विचारताना तिचा आवाज स्थिर असे. आता तो तसा राहिला नाही.

"लोव्रे, तू जीव द्यायचं ठरवलंयस का?"

लोव्रेने मान हलवली, आणि ती हो म्हणणारी होती.

"आता तुला ठाऊक आहे, म्हणून मला जरा बरं वाटतंय," तो म्हणाला. "कुणाला तरी ठाऊक असावं असं वाटत होतं. ब्रॉनला नाही सांगता येत."

"मी तिला सांगणार आहे."

सुई त्याच्या हातातून गळाली. "काय?"

"आत्ता, तुझ्यासमोर. तिला, तातांना, आणि मग दवाखान्यात. हे मी पोटात ठेवणार नाही, लोव्रे. ते आधीच तुला सांगायला हवं होतं. चूक माझी आहे. पण मी ठेवणार नाही."

"शपथ असते तुमच्या लोकांची."

"अशी शपथ कुणीच घेत नाही. तातांचा गैरसमज आहे. आणि तुझ्यासमोर मी कुणी मानसशास्त्रज्ञ बाई नाही, लोव्रे, तुझी वहिनी आहे."

"तर मग वहिनी म्हणून गप्प बस." त्याचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो अधिक भयंकर वाटला. "पाच वर्षं गप्प बसलीस ना? मला वाटतं, तुलाही ठाऊक होतं."

त्याला एकटे सोडायचे नव्हते, म्हणून तोंका उठली ती केवळ दारापर्यंत. एका हाताने तिने चौकट धरली आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली. "ब्रॉन. इकडे ये. तातांनाही घेऊन ये."

*

ते अंगणातच झाले. नोना आणि तेता लुचे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तोंकाने जे ऐकले ते थोडक्यात सांगितले. शब्द निवडताना तिने कोणताही मऊ शब्द वापरला नाही. लोव्रे शेडच्या उंबऱ्याशी जमिनीकडे पाहत उभा होता. ब्रॉनने दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला होता.

सर्वांत आधी शिमे बोलला. "आत चला सगळे. शेजारी ऐकतायत."

"ताता, त्याला दवाखान्यात न्यायला हवं. आज. आत्ता."

"त्याला झोप लागत नाही. तेवढंच आहे. थोरल्याला समुद्रानं नेलं, तेव्हापासून धाकट्याला झोप नाही. असलं काही माझ्या घरात नसतं."

"समुद्रानं नेलं नाही, ताता."

"तुला काय ठाऊक? तू होतीस बोटीवर?"

"मी होतो," लोव्रे म्हणाला. इतक्या हलक्या आवाजात, की विस्तवावरचे मासे चरचरत होते त्यातून तो ऐकू यावा हेच नवल. परंतु तो सर्वांना ऐकू आला. शिमेने विस्तव परतण्याची सळई खाली ठेवली.

मग तोंका बोलली. बोलायचे तिने ठरवले नव्हते. "यूरेनं स्वतः फोन करून मानसशास्त्रज्ञाची वेळ मागितली होती. गावात महिन्यातून एक जण विमानानं येत असे तेव्हा. यादी लांब होती. थांबा म्हणाले. तो थांबला. तो सापडला, आपण त्याला पुरून आलो, आणि काही दिवसांनी तिथून फोन आला की एक जागा रिकामी झालीय, गुरुवारी येऊ शकतील का. मी म्हटलं, नाही येऊ शकणार." ती थांबली. "त्या गुरुवारपासून मी शिकतेय. तुम्हाला वाटलं, मन रमवायला."

हे बोलून झाल्यावर कुणीतरी तिच्याकडे येईल, अशी तिची अपेक्षा होती की नाही, हे तिलाही सांगता आले नसते. ब्रॉनही जवळ आली नाही, फक्त वळली.

"पाच वर्षं," ब्रॉन म्हणाली. "तुला ठाऊक होतं. आणि तू माझ्या नवऱ्याला त्याच बोटीवर, त्याच सुकाणूवर जाऊ दिलंस. मुलांच्या वाढदिवसाला आमच्या घरी केक खाल्लास. आणि घरी जाऊन पुस्तकं वाचलीस."

ब्रॉनच्या बोलण्यात असत्य काही नव्हते.

शिमेने वाक्य पूर्ण केले. नवी नवरी म्हणून आलेल्या सुनेला ते घर तिचे केस पांढरे झाले तरी 'नेविस्ता'च म्हणे. तो शब्द त्याने आता सावकाश उच्चारला. "नेविस्ता म्हणून तुला या घरात आणलं. मुलगा गेला तरी मुलगीच मानलं. कानात सांगितलेलं अंगणात आणून टाकणारी बाई माझ्या घरची नाही. जेवणाचीही थांबू नकोस."

तो 'मुलगा गेला' म्हणाला, हे कुणाच्याच, त्याच्याही ध्यानात आले नाही.

"शिमे, तुझं नंतर बघते," तेता लुचे म्हणाली. तिने खुंटीवरचा कोट ओढून अंगात घातलासुद्धा होता. "ब्रॉन, गाडी काढ. लोव्रे, बूट घाल."

"तेता, तू पण?"

"मी पण. आणि वाटेत मला बोलायला लावू नकोस. उपाशी पोटी माझं डोकं फिरतं, आणि सकाळपासून बटाटे कापतेय मी. डावा बूट तो. दुसऱ्या पायात घाल."

लोव्रेने बूट बदलला. आज्ञेची सवय असलेला पस्तिशीचा माणूस आत्याच्या शब्दासमोर लहान मुलासारखा वाकला, आणि तो वाकला हीच त्या दिवसातली पहिली आशा होती. नोनाने दारामागच्या खिळ्यावरून बोटीची किल्ली काढली आणि आपल्या एप्रनच्या खिशात टाकली. शिमेने ते पाहिले.

तोंका गाडीपर्यंत गेली. "मंगळवारचं सांगा तिथं," ती ब्रॉनला म्हणाली. "शब्द न बदलता सांगा. झोप लागत नाही एवढंच सांगू नका. मी मागं बसते—"

"ती नको," लोव्रे म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. गाडीची काच वर गेली.

*

शिमे धक्क्याकडे उतरून गेला. मासे विस्तवावर करपत होते. ते उचलायला हवेत म्हणून तोंका थांबली. मग ताट झाकायला हवे म्हणून थांबली, आणि मग थांबायला काही कारण उरले नाही. मॉइराबाईंना हे सारे सांगावे लागणार होते. त्या प्रथम विचारतील, तू तिथे कोण म्हणून बसली होतीस? वहिनीने पहिले वाक्य म्हटले नाही, आणि तिच्यातल्या शिकाऊ मानसशास्त्रज्ञ बाईने ऐकलेले अंगणात सांगितले. दोघींना मिळून एकच तोंड होते.

नोना टेबलाशी बसली होती. बसायला सांगितले नाही, तशी जा असेही तिने म्हटले नाही.

"तो फोन," ती म्हणाली. "वेळ यूरेनं स्वतः मागितली होती? तू मागायला लावली नाहीस?"

"मला तेव्हा माहीतही नव्हतं, नोना. त्यानं स्वतः मागितली."

"आणि थांबला."

"थांबला. जमलं तितकं थांबला."

नोनाचा चेहरा हळूहळू विस्कटला. पाच वर्षे तिने समुद्राला शिव्या घातल्या होत्या, आणि समुद्राला शिव्या घालणे सोपे होते. आता तिच्यासमोर फोन कानाला लावून आपली पाळी कधी येईल ते विचारणारा मुलगा उभा होता. "म्हणजे त्याला राहायचं होतं," ती म्हणाली. मग आवाज बदलून म्हणाली, "हे तू मला तेव्हाच सांगायचं होतंस. त्याच्यासाठी नाही. माझ्यासाठी." त्यात क्षमा नव्हती. तोंकानेही ती मागितली नाही.

उन्हे कलली तेव्हा फोन वाजला. नोनाने तो उचलला नाही. तोंकाकडे सरकवला.

"ठेवून घेतलंय," तेता लुचे पलीकडून म्हणाली. मागे चाकांचा आणि पावलांचा आवाज येत होता. "उद्या ॲडलेडला हलवतील. ब्रॉननं सगळं सांगितलं, तू म्हणालीस तसंच. डॉक्टरीण पोरसवदा आहे पण कान उघडे ठेवून ऐकते. मला सँडविच दिलं कुणीतरी. भयंकर आहे."

"तो काही बोलला?"

"बोलला. तुझ्याविषयीच बोलला. सांगू का?"

"सांग."

"म्हणाला, तिला सांगा, मी तिच्याशी जन्मभर बोलणार नाही."

तोंकाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "काय म्हणाला? किती?"

"जन्मभर."

"हाच शब्द? तो स्वतः म्हणाला?"

"अगं तोच म्हणाला. दोनदा म्हणाला. मनाला लावून घेऊ नकोस, रागात आहे तो—"

"नाही लावून घेत. जन्मभर म्हणजे मंगळवारनंतरही," तोंका म्हणाली. ती नोनाच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसली. "परत एकदा सांग, तेता."